लाल शाईचं पान

माझी आई दोनच गोष्टींना भ्यायची. एक खाकी कपडे आणि दुसरी कागदावर लिहिलेली नावं. बाकी कशाची तिला पर्वा नव्हती. न्हाणीत साप निघाला तर चिमट्यात धरून कुंपणापलीकडे टाकायची आणि हात धुऊन पुन्हा कणीक मळायला बसायची. पण दारात पोस्टमन दिसला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण त्याचेही कपडे खाकी होते. ती भ्यायची म्हणून मीही भ्यायचे. अकरा वर्षांची घोडी झाले तरी पोस्टमन आला की मी दारामागे उभी राहायचे, आणि का, ते मला सांगता आलं नसतं.

आम्ही मायलेकी नगरला लागून भिंगारात राहायचो. आम्ही असीरियन. एवढं सांगून कुणाला काही कळत नाही, म्हणून पुढचंही सांगते. इराकच्या उत्तरेकडे डोंगरात राहणारे आम्ही ख्रिस्ती लोक. येशूच्या तोंडी जी भाषा होती तिच्या जवळची भाषा आम्ही घरात बोलतो. मी दोन वर्षांची असताना आमच्या गावावर सैन्य आलं. गाव मोडलं, आणि उरलेली माणसं वाट फुटेल तिकडे गेली. आई मला घेऊन बसऱ्याहून बोटीने मुंबईला आली आणि तिथून एका मिशनरी डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर नगरला. इथल्या दवाखान्यात ती चादरी आणि बाळांची झबली शिवायची. मी मराठी शाळेत जायचे. आईचं मराठी मात्र बाजारापुरतंच राहिलं. कांदे, सुई, केवढ्याला, नको, हो.

वडील तिकडेच होते. आईच्या सांगण्याप्रमाणे ते तेलाच्या कंपनीत ट्रक चालवायचे आणि लढाई संपली की येणार होते. लढाई सुरू व्हायच्या आधीही ते येणारच होते, पण तेव्हा साहेब रजा देत नव्हता. दरवर्षी दसरा झाला की आई त्यांच्यासाठी एक स्वेटर विणायला घ्यायची आणि नाताळच्या आत तो मुंबईला पाठवून द्यायची. खांदे केवढे घ्यायचे हे आठवताना ती डोळे मिटून दोन्ही हात हवेत धरायची. त्या दोन हातांमधली मोकळी जागा म्हणजे माझे वडील. मला त्यांचा दुसरा काही पुरावा माहीत नव्हता.

आमची घरमालकीण एक मोमीन विधवा होती. तिच्या घरात हातमाग होता आणि तिचे दोन दीर त्यावर बसायचे. मी तिला खाला म्हणायचे. आई पहिलं वर्षभर तिच्या घरचं पाणी प्यायली नाही. गावावर आलेले सैनिक तिला आठवत असणार, आणि दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. खालाने तिला कधी विचारलं नाही. पण एकदा आईला कडक ताप भरला तेव्हा ती पेजेचं भांडं घेऊन आली, आधी स्वतः दोन घोट प्यायली आणि मग भांडं आईच्या तोंडाशी धरलं. त्यानंतर दोघींचं जमलं.

आता मुंबईची गोष्ट. तिथे आमच्या लोकांची पाचसहा घरं होती. कुणी गोदीत, कुणी हॉटेलात, सगळी पोटापुरतं कमावणारी. त्यांतल्या गोदीत सुतारकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी मामा म्हणायचे. गावं मोडल्यावर आमच्यातले पुष्कळ लोक सीरियात एका नदीकाठी मातीची घरं बांधून राहिले होते. तिथली थंडी हाडं फोडणारी आणि पोरांना शाळा नाही. ही पोरं आपली अक्षरं विसरली तर वीस वर्षांत आपण कोण होतो हेच कुणाला ठाऊक राहणार नाही, हा मामांचा घोर. म्हणून त्या पाचसहा घरांनी आणि आम्ही मिळून कामं वाटून घेतली होती. एका घराने लोकरीचे कपडे गोळा करायचे, एकाने औषधं, आणि आमच्या वाट्याला अक्षरं आली. आमच्या लिपीचा छापखाना इथे कुठे सापडणार? आईचे वडील पाद्री होते, जुन्या पोथ्या नकलायचे, आणि आईचं अक्षर त्यांच्यासारखं होतं. दवाखान्यातून आली की ती खिडकीशी बसायची आणि पोरांचं पहिलं पुस्तक नकलायची. वर्षाला बारा वह्या व्हायच्या. मामा दोनतीन महिन्यांनी रविवारी गाडीने यायचे, कागद आणि लोकर देऊन जायचे, आणि नाताळच्या आधीच्या खेपेला वर्षाच्या सगळ्या वह्या घेऊन जायचे.

मी त्याच पुस्तकावरून शिकत होते. शिकत होते म्हणायचं इतकंच. मुळात मी आळशी. उजवीकडून डावीकडे वाचायचं आणि अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. माझे कान तेवढे तिखट होते. आई एकदा धडा वाचायची, तो मला पाठ व्हायचा, आणि मग मी वहीवर बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवायचे. मेंढी नदीवर जाते. मेंढी पाणी पिते. आईला फसवलं असं मला वाटायचं.

वहीचं शेवटचं पान मी कधी वाचलं नाही. आमच्यात रीत आहे की पुस्तक नकलून झालं की शेवटच्या पानावर नकलणाऱ्याने आपलं नाव, गाव, साल लिहायचं. सालही आमचं जुनं, फार मागून मोजलेलं, बावीसशेच्या पुढे गेलेलं. आणि त्याखाली ज्यांची आठवण राहावीशी वाटते त्यांची नावं लाल शाईने लिहायची. जो कुणी पुस्तक वाचेल त्याने ती नावं मोठ्याने घ्यायची. नावांना घाबरणारी माझी आई बाराही वह्यांच्या शेवटी नावं मात्र न चुकता लिहायची, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. नावंच तर आहेत, म्हणून मी पान उलटायचे. इतर धड्यांसाठी कान पिळणारी आई या पानासाठी मला कधी रागावली नाही, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

बेचाळीस साल आलं. किल्ल्यात मोठमोठे पुढारी आणून कोंडले होते आणि गावात पोलिसच पोलिस झाले होते. रात्रीत कुठून तरी पत्रकं छापून यायची, सकाळी भिंतींवर दिसायची, आणि दुपारपर्यंत कुणाला तरी धरून नेलेलं असायचं. आमचं दुखणं निराळंच होतं. आई कुठल्याच देशाची नव्हती. तिच्याजवळ एक राखी रंगाचा कागद होता, त्यावर दर महिन्याला कचेरीत जाऊन शिक्का घ्यावा लागायचा. लढाई सुरू झाली तेव्हा कॅम्पात काटेरी तारेच्या आत जर्मन लोक ठेवले होते, ते आम्ही येताजाता पाहिले होते. डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं होतं की तुझ्या नावावर एवढीशी भानगड झाली तर तुला तारेच्या आत नेतील आणि पोरीला अनाथाश्रमात पाठवतील. त्यांनी सावध राहण्यासाठी सांगितलं. मी मात्र त्या दिवसापासून शाळेतून घरी येताना कोपऱ्यावर थांबून आधी खिडकी बघायचे. आई खिडकीशी दिसली की मग पुढे जायचे.

नाताळच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. मागच्या गल्लीत पत्रकं सापडली आणि पोलिसांनी आमच्या गल्लीतल्या घरांची झडती घेतली. दुपारची वेळ होती. आम्ही दोघी घरीच होतो, आईच्या मांडीवर वडिलांच्या स्वेटरची बाही होती. शिपायाने खाटेखालची ट्रंक ओढली आणि वह्या बाहेर काढल्या. एक वही असती तर तो काही म्हणाला नसता. पण एकाच हाताच्या बारा सारख्या वह्या, कुणाला न कळणाऱ्या लिपीतल्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी लाल शाई! तो त्या पुन्हा पुन्हा चाळत होता आणि त्याचा चेहरा बदलत होता. त्याने आईला चौकीवर चलायला सांगितलं.

आईने विणकाम घडी करून खाटेवर ठेवलं, डोक्याला रुमाल बांधला, आणि आमच्या भाषेत मला एकच वाक्य सांगितलं. शेवटचं पान म्हणजे प्रार्थना आहे असं सांग. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण रुमालाची गाठ तिला तीन वेळा बांधावी लागली. खालाने हे सगळं तिच्या दारातून पाहिलं. ती बुरखा घालून आमच्याबरोबर निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

फौजदार चाळिशीचा, शांत बोलणारा माणूस होता. ओरडणारा असता तर मला कमी भीती वाटली असती. त्याने वही आधी खालाला दाखवली, उर्दू आहे का म्हणून. खाला म्हणाली, चालते आमच्यासारखी उजवीकडून, पण अक्षरं आमची नाहीत. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की हे लहान मुलांचं पुस्तक आहे आणि शेवटी प्रार्थना आहे. मी टेबलाची कड धरली होती.

त्याने लाल पान उघडलं आणि बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. ओळी सगळ्या आखूड, एकाखाली एक.

"प्रार्थना अशी नसती पोरी," तो म्हणाला. "आमीबी हजेरी लिवतो. ही मानसांची यादी हाय."

यादी हा शब्द आईला कचेरीत ऐकून माहीत होता. तिने भिंतीला हात लावला. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की पहिल्याच वाक्याला माझं खोटं पकडलं गेलंय. एवढीशी भानगड झाली होती. आता काटेरी तार.

फौजदाराने आईला शिपायाबरोबर बाहेर ओट्यावर बसवलं आणि खालाला आत राहू दिलं. मग मला म्हणाला की आता तू वाच आणि मराठीत सांग. त्याने पहिलं पान उघडलं. मी मेंढीचा धडा घडाघडा म्हटला. त्याने मधलंच एक पान उघडलं, मधल्याच ओळीवर बोट ठेवलं, आणि इथून म्हणाला. तिथे माझी पोपटपंची संपली. मी एकेक अक्षर चाचपत वाचायला लागले. आईने मागून कान पिळून जे डोक्यात घातलं होतं ते कुठेतरी शिल्लक होतं. आजी भाकरी भाजते. भाकरी गरम आहे. डोळ्यांतलं पाणी अक्षरांवर पडेल म्हणून मी मान मागे घेऊन वाचत होते. एवढं सगळं होऊनही मनात एक विचार आला तो सांगून टाकते. देवा, मला इथून सोडव, मी रोज अभ्यास करीन. तेव्हा मी खरोखरच तसं ठरवलं होतं.

मग लाल पान आलं. वरची ओळ मी वाचली आणि मला बरं वाटलं, कारण त्यात सगळा खुलासा होता. मी फौजदाराला सांगितलं की ही आमच्या गावच्या माणसांची नावं आहेत, ही सगळी एका दिवशी मेली, आणि वाचणाऱ्याने यांची नावं मोठ्याने घ्यावीत असं वर लिहिलं आहे. भीतीपोटी प्रार्थना म्हटलं, तेही मी कबूल केलं. त्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून नाव विचारलं. मी वाचलं. आईला आत बोलावून तीच ओळ दाखवली. तिने तेच नाव सांगितलं. आईला पुन्हा बाहेर पाठवलं.

आणखी एकदा, म्हणून त्याने बोट खाली नेलं आणि नवव्या ओळीवर ठेवलं.

मी एकेक अक्षर जोडत वाचलं. पहिला शब्द. मग 'मुलगा', म्हणजे पुढे ज्याचं नाव येतं त्याचा. मग दुसरा शब्द. हे दोन्ही शब्द माझ्या ओळखीचे होते. शाळेच्या हजेरीत माझ्या नावापुढे पहिला शब्द होता, आणि दुसरा आईच्या गोष्टींमधल्या, वडिलांकडच्या आजोबांचा. मी ते नाव मोठ्याने वाचलं होतं आणि ते खोलीत ऐकू आलं होतं. मी तिथेच थांबले. फौजदाराला वाटलं मी अडखळले. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

आईला आत बोलावलं. बोट नवव्या ओळीवरच होतं. तिने आधी ओळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटतं तिने माझा चेहरा वाचला, तिला पुस्तकाची गरज नव्हती. तिने नाव सांगितलं. दोघींचं नाव जुळलं.

"कोन हा?" फौजदाराने विचारलं.

मी भाषांतर करायच्या आतच आई तिच्या बाजारच्या मराठीत म्हणाली, "नवरा."

"कुठं असतो?"

"मेला."

वारले हा शब्द तिला माहीत नव्हता. गल्लीतला कुत्रा मेला, खालाची कोंबडी मेली, तेव्हा ऐकलेला तेवढा एकच शब्द तिच्याजवळ होता. खालाने बुरख्याच्या आत तोंडावर हात घेतला. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की संध्याकाळी बोटांवर वळ होते.

फौजदार माझ्याकडे वळला. मग विचारलं, "पोरी, तुला ठावं हुतं का?"

आयुष्यात मला तेव्हा वाटली तेवढी भीती पुन्हा वाटली नाही. कारण उत्तर माझ्या हातात होतं. नाही म्हटलं असतं तर आई पोटच्या पोरीशीही खोटं बोलते, हे त्याला दिसलं असतं, आणि जी पोरीला फसवते तिच्या बारा वह्यांवर तो कशाला विश्वास ठेवील? मी म्हणाले, "हो साहेब. मला माहीत होतं."

एवढं मराठी आईला समजत होतं.

फौजदाराने वह्या आमच्याकडे सरकवल्या. पोरांचं पुस्तक घेऊन जा म्हणाला, पण नावांची पानं इथे राहतील, अन् असलं पान पुन्हा लिहू नका, दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर तो माझ्यासारखा बसून ऐकायचा नाही. वाईट माणूस नव्हता. शिपाई पानं फाडायला पुढे झाला तेव्हा आईने त्याच्या हातातून वही घेतली. त्याने वेडीवाकडी फाडली असती. तिने एकेक पान शिवणीपाशी दुमडून, नखाने घडी पाडून, सरळ फाडलं. अशी बारा पानं तिने टेबलावर ठेवली, कडा जुळवल्या आणि हात पोटाशी घेतले.

घरी आलो. खालाने चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं. खाटेवर स्वेटरची बाही तशीच होती. मी विचारलं, हा कुणासाठी आहे. आई म्हणाली, तिथल्या थंडीत ज्याला बसेल त्याला. नऊ स्वेटर असेच गेले होते. मी रडले नाही, मला आधी राग आला. मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तू भिऊ नयेस म्हणून, ती म्हणाली. नऊ वर्षं मी पोस्टमनला भीत दारामागे उभी होते, आणि हिला वाटत होतं की मला भीती माहीत नाही! हे मी तिला तोंडावर ऐकवलं. त्यानंतर आम्ही दोघी रडलो.

रविवारी मामा आले. सगळं ऐकून त्यांचाही चेहरा उतरला. मुंबईतही झडत्या चालू होत्या. लढाई संपेपर्यंत शेवटचं पान कोरं ठेवायचं असं ठरलं. तिथली पोरं मेंढी वाचतील, भाकरी वाचतील, तेवढं पुष्कळ झालं, असं मामा म्हणाले. पण म्हणताना ते जमिनीकडे बघत होते. त्या पानावर त्यांचेही दोन भाऊ होते.

मामा गेल्यावर आई पुन्हा नकलायला बसली. शेवटच्या पानाशी आली तेव्हा तिने दौतीवर झाकण लावलं आणि नुसतीच बसून राहिली. बाहेर कुणीतरी चाललं की तिची मान दाराकडे वळायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले. कागदावर नको तर नको, म्हटलं, मी तोंडाने म्हणते. पाठांतर तरी मला येतं. आणि मी वडिलांचं नाव घेतलं, मोठ्याने, जसं चौकीत घेतलं होतं.

आई दचकली. उठून तिने खिडकी लावून घेतली. परत येऊन माझ्यासमोर बसली.

"त्याच्या आधी आठ जण आहेत," ती म्हणाली.

तिने पहिलं नाव सांगितलं. मी ते म्हटलं आणि दुसऱ्यासाठी थांबले.